बोर्डावरची सून

११ जानेवारी १९५४, चांदा

पुंडलिकाची तेरवी आज झाली. माझा एकुलता एक मुलगा, वय एकोणतीस, तापाच्या नवव्या दिवशी गेला. पंगतीला सव्वाशे माणूस होतं. वरण कमी पडलं. हे लिहिण्याजोगं नाही, पण दिवसभर माझं सारं लक्ष त्या वरणातच होतं. संध्याकाळी एकटा बसलो तेव्हा कळलं की मी ते मुद्दाम तिथं गुंतवून ठेवलं होतं.

लोक उठल्यावर नथ्थूशेठ मागे राहिले. राईस मिलवाले. आमच्या वैनगंगा मोटर सर्व्हिस कंपनीच्या चार डायरेक्टरांपैकी एक. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "देवाजीबापू, दुःख लय मोठं हाये. पण बोर्डावरची जागा खाली ठेवता येत नाई ना. तुमी म्हणत असान तं माह्या पुतण्याले बसवतो."

तेराव्या दिवशी!

ही कंपनी मी उभी केली. सडकेच्या गिट्टीचे ठेके घेत घेत लढाईनंतर एक जुनी लष्करी लॉरी घेतली, तिच्या आज सात गाड्या आहेत. चांद्याहून मूल, सावली, वैनगंगेचा घाट. नावेनं नदी उतरली की पलीकडे आमचीच दुसरी गाडी, गडचिरोली-चामोर्शीपर्यंत. अडीचशे लोकांनी कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, घेतले ते माझं तोंड पाहून. बोर्डावर चेअरमन मी आणि पुंडलिक एका बाजूला, नथ्थूशेठ आणि वकीलसाहेब दुसऱ्या. आता नथ्थूशेठचा पुतण्या आला तर मी एकटा पडतो.

रात्री उपाय सुचला. पुंडलिकाचे भाग आता कमळाच्या नावावर होतील. सून माहेरची चामोर्शीची, पण नागपुरात मॅट्रिकपर्यंत शिकलेली, वळणदार अक्षर, आवाज कधी चढत नाही. तिलाच बसवतो. सही तिची, मत माझं.

१९ जानेवारी

कमळा पहिल्यांदा बोर्डात बसली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. वकीलसाहेब उभे राहिले, म्हणून नथ्थूशेठलाही उठावं लागलं. चांद्यात काय, नागपुरातसुद्धा कुठल्या कंपनीच्या बोर्डावर बाई नसेल असं वकीलसाहेब म्हणाले. मला बरं वाटलं.

मी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. घरी आल्यावर विचारलं, "मामाजी, ज्यावर सही केली तो कागद वाचायला मिळतो का?"

मी म्हटलं, "मिळते ना. तुलेच मिळन."

लटारू कारकुनाला सांगून बैठकांच्या नोंदींची मिनिट बुकं घरी मागवली. दुःखात तिचा वेळ तरी जाईल.

३ मार्च

वेळ जावा म्हणून दिली, तर पोरीनं सहा वर्षांची मिनिट बुकं वाचून काढली. जेवताना विचारते, "पन्नास साली ठराव झाला होता की गाडीत बायांसाठी पुढचे दोन बाक राखायचे. ते कुठल्याच गाडीत दिसत नाहीत." मला तो ठराव आठवेना. रुखमाबाई, माझी बायको, ताटात वाढता वाढता हसली. पुंडलिक गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

१७ एप्रिल

महाकालीची जत्रा. सात गाड्यांना उसंत नाही. कमळा परवा स्वतः पहाटेच्या गाडीनं मूलपर्यंत जाऊन आली. आपल्या चार वर्षांच्या लेकीला, नीलाला, आजीजवळ ठेवून. परत आली ती धुळीनं लाल होऊन, आणि बोर्डात तिनं तोंडी सगळं सांगितलं: टपावर किती माणसं बसतात, किती लेकुरवाळ्या उभ्यानं येतात, मूलच्या स्टँडवर बायांना आडोसा नाही.

नथ्थूशेठ म्हणाले, "बाई, जत्रा हाये. जत्रेत असंच असते."

ती म्हणाली, "शेठजी, आडोशाला चार बांबू आणि दोन तट्टे लागतात. जंगल आपल्या दाराशी आहे."

आडोसा मंजूर झाला. बाकही बसले. मूलचे शाळामास्तर, आमचे भागीदार, खास चांद्याला आले आणि म्हणाले, "बापू, सून नाई, लेक भेटली तुमाले." मला अभिमान वाटला, लिहायला लाज कशाची.

पण घरी येताना मनात एक खटकलं. मास्तर माझ्याकडे पाच मिनिटं बसले आणि तिच्याकडे अर्धा तास.

२१ जुलै

इनायत ड्रायव्हरचा अर्ज आला. तीन नंबरच्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत, अंधारी नदीच्या उतारावर धोका आहे, गाडी दुरुस्तीला सोडावी. इनायत कंपनीचा पहिला ड्रायव्हर. पाच वेळचा नमाजी, गाडी रस्त्याकडेला लावून नमाज पढतो आणि उतारू कुरकुर करत नाहीत. त्याचं अक्षर गचाळ. अर्ज त्याचा धाकटा भाऊ वहाब यानं लिहून दिलेला. वहाब आमच्या गॅरेजात मिस्त्री आहे.

गाडी सोडायची तर पंधरा दिवस. सामान नागपूरहून येणार. पोळ्याचा बाजार तोंडावर. अर्ज खणात ठेवला. पोळा होऊ द्या.

२६ जुलै

आज बोर्डात कमळानं त्याच अर्जाचा विषय काढला. तिला कसा कळला? ती गॅरेजात गेली होती. वहाबनं चाक खोलून तिला आतला पट्टा दाखवला म्हणे.

"मामाजी, पट्टा झिजून पार गुळगुळीत झाला आहे. मी बोट फिरवून पाहिलं. गाडी उभी करू या."

नथ्थूशेठ हसले. "बाईनं आता बोटानं ब्रेक पाह्यला! मंग मिस्त्री कायले ठेवला?"

"मिस्त्रीच सांगून राहिला आहे, शेठजी."

मत घेतलं. ती एका बाजूला, ते दोघं दुसऱ्या. माझ्यावर आलं. माझी सून माझ्यासमोर मला न विचारता उभी होती, आणि दोन परकी माणसं ते पाहत होती. मी म्हणालो, पोळा झाल्यावर.

ती म्हणाली, "माझा विरोध लिहून घ्या." लटारूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको. घरातला वाद पुस्तकात कशाला? ठराव एकमताने, असं लिहिलं गेलं.

घरी ती माझ्याशी नेहमीसारखीच वागली. पाण्याचा तांब्या ठेवला, दिवा लावला. रागावली असती तर बरं होतं.

२७ ऑगस्ट

तीन नंबरची गाडी अंधारीत गेली.

२९ ऑगस्ट

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

मूलच्या बाजूनं येत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशीची गाडी, बैलांच्या झुली, घुंगुरमाळा, डोक्याला बांधायच्या मटाट्या घेतलेली माणसं. नदीला पूर होता. रपट्यावर, म्हणजे नदीतल्या ठेंगण्या पुलावर, कमरेइतकं पाणी, म्हणून उताराच्या तोंडाशीच थांबायचं होतं. गाडी थांबली नाही. सात माणसं गेली. तीन बाया, त्यातली गुणाबाई आमच्या रुखमाबाईच्या माहेरची. इनायतचं प्रेत आज दुपारी दीड कोसावर सापडलं, बोरीच्या झुडपात. वहाबनंच ओळखलं. चेहऱ्यावरून नाही, पायातल्या चपलेवरून.

मी काठावर उभा होतो. पाण्यावर बैलाची एक झूल फिरत होती, तांबडी, आरशांची. बुडत नव्हती.

कमळाही आली होती. मी तिला घरी जा म्हणालो. ती गेली नाही. बायांची प्रेतं काढली तेव्हा तिनंच त्यांची लुगडी सारखी केली. पोलीस, मजूर, कोणालाही हात लावू दिला नाही. "मी सांगितलं होतं" हे ती म्हणेल म्हणून मी दोन दिवस वाट पाहतो आहे. म्हणत नाही.

३० ऑगस्ट

गाडी ओढून काढली. आत मोहाच्या दारूची एक बाटली निघाली. कोण्या उतारूची असणार, पोळ्याचं गाठोडं होतं तिथंच. नथ्थूशेठनं ती फौजदारापुढे ठेवली. "ड्रायव्हरच्या पायाशी होती," म्हणाले.

वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. ब्रेकचं निघालं तर परवाना जाईल, चेअरमनवर खटला होईल. ड्रायव्हरवर गेलं तर प्रकरण त्याच्याबरोबरच मिटेल. "मेलेल्या माणसाचं काय जाते, बापू?"

चाळीस लोकांच्या चुली या कंपनीवर आहेत. मी सही केली: ड्रायव्हर दारूच्या अंमलात असावा असा कंपनीचा समज आहे. "असावा" हा शब्द मी घालायला लावला. वकीलसाहेब नको म्हणत होते.

इनायतचा अर्ज खणातून काढून तिजोरीत ठेवला. फाडणार होतो. हात धजला नाही.

१२ सप्टेंबर

इनायतची बायको खुर्शीदा आली. ओसरीच्या खाली, पायरीवर बसली. वर ये म्हटलं तरी आली नाही. सोबत दोन पोरं.

मी आपणहून म्हणालो, कंपनी काही मदत करेल.

"बापू, मदत मांगाले नाई आली मी," ती म्हणाली. "माह्या पोराले मदरशात 'शराबी का बच्चा' म्हणतात. मौलवीसाब नमाजे-जनाजाच्या वक्ती दोनदा विचारून राह्यले होते, मरहूम पीत होता का. आठ साल तुमची गाडी चालवली त्यानं. तुमी पाह्यलं कधी पिऊन?"

"पोलिसाचा कागद हाये तो, बाई."

"कागदावर सही कोणाची हाये?"

मी आत निघून आलो. माझ्या मागे कमळा बाहेर गेली आणि तिच्याजवळ पायरीवर बसली. खिडकीतून दिसत होतं. दोन विधवा, एक काळ्या बुरख्यात, एक पांढऱ्या लुगड्यात. कितीतरी वेळ. काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्न केला.

४ ऑक्टोबर

कमळानं आज सरळ विचारलं. "मामाजी, इनायतभाईचा अर्ज कुठे आहे?"

"काऊन?"

"पोलिसांना द्यायचा आहे."

मी तिला समजावलं. परवाना, खटला, चाळीस चुली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, धुरपता नावाची भाजीवाली गाडीतून वाचली आहे. ती सांगते, उतार लागला तसा इनायत ओरडला, "ब्रेक गेला, उड्या मारा." त्यानं दार लाथेनं उघडून दिलं. नऊ जणांनी उड्या मारल्या, ते जगले. तो स्वतः स्टिअरिंग सोडून उठला नाही.

"पिलेला माणूस असं करतो का, मामाजी?"

"तुले बोर्डावर मी बसवलं," मी म्हणालो.

"हो. म्हणूनच तुमच्याजवळ आले, दुसऱ्याकडे नाही गेले."

तिनं असं म्हणायला नको होतं. रात्र अर्धी झाली, झोप नाही.

२२ ऑक्टोबर

वार्षिक सभा डिसेंबरात. कमळाची नेमणूक तोपर्यंतचीच. पुढे भागीदारांच्या मतानं. मूलच्या मास्तरांचं पत्र आलं, माझ्या नावे, पण मजकूर तिच्याबद्दल. तिला पुन्हा निवडावं, अपघाताची चौकशी तिच्याकडे द्यावी. वर असंही, की "बापूंनी आता विश्रांती घेऊन सूनबाईंना चेअरमन करावं असा गडचिरोली भागातला सूर आहे." साठ सह्या. माझे ड्रायव्हर, माझे कंडक्टर, माझ्या नावावर भाग घेतलेली माणसं.

मी बासष्ट वर्षांचा आहे. विश्रांती म्हणजे काय ते मला कळतं.

३ नोव्हेंबर

कमळा गॅरेजात फार जाते. खुर्शीदाच्या मोहल्ल्यातही. विधवा बाई, लोक बोलतात. तिच्या काळजीपोटीच मी लटारूला सांगितलं की ती कोणत्या दिवशी, किती वेळ गॅरेजात असते हे जरा टिपून ठेव. वाईट हेतू मनात नाही. घरचा कर्ता म्हणून माहीत असावं.

१५ नोव्हेंबर

लटारूनं यादी दिली. अकरा वेळा. नीट तारखा घालून, बाजूला "वहाब मिस्त्री हजर" असं लिहिलेलं. गॅरेजात मिस्त्री हजर नसेल तर कोण असेल? मूर्ख आहे.

यादी ऑफिसच्या टेबलावर राहिली असावी. नंतर नथ्थूशेठ येऊन बसले होते.

२८ नोव्हेंबर

बाजारात बोलणं चालू आहे. न्हाव्याच्या दुकानात मी शिरलो तर सगळे गप्प झाले. रुखमाबाईला देवळात कोणीतरी बोललं. घरी येऊन तिनं मला विचारलं, "हे कोणं काढलं?"

"लोकाइचं तोंड मी धरू का?" मी म्हणालो.

"लोकाइच्या तोंडात तारखा कशा आल्या?" ती म्हणाली.

चाळीस वर्षांत तिनं मला असा प्रश्न विचारला नव्हता.

६ डिसेंबर

वहाबला गेल्या आठवड्यात रेल्वेफाटकाजवळ चार जणांनी मारलं. उजव्या हाताची बोटं लोखंडी पान्यानं ठेचली. पान्यानंच, म्हणजे कोणी विचार करून केलेलं. कोण ते त्याला माहीत असेल, पण त्यानं पोलिसात नाव दिलं नाही.

मी दवाखान्यात गेलो होतो. चेअरमन म्हणून जायला हवं. तो खाटेवर पडून होता, हाताला पट्ट्यांचा गोळा बांधलेला.

"बापू," म्हणाला, "एक बात सांगू? बाई गॅरेजात आल्या तं उभ्याच राहत. स्टूल दिलं तरी बसत नाईत. दार खुल्लं ठेवत. मी त्याइले बाईसाब म्हणतो, त्या मले वहाबभाऊ. बस, इतनाच. तुमी सभेत इतनं सांगून द्या. तुमचं सांगणं कोणी खाली पडू देत नाई."

मी म्हटलं, "आराम कर."

नथ्थूशेठनं त्याला कामावर गैरहजर म्हणून कमी करण्याचा ठराव आणला. कमळाचं मत विरोधात. माझं... हात बरा झाला तरी मिस्त्रीकाम त्याच्यानं होणारच नव्हतं.

१९ डिसेंबर

सभा झाली. क्रमानं लिहितो.

मिडल स्कूलचा हॉल भरला होता. पण भागीदार ड्रायव्हर-कंडक्टरांपैकी एकही नाही. आज नाताळ-सुटीची गर्दी म्हणून उरलेल्या सहाही गाड्या मार्गावर ठेवायच्या, असं वेळापत्रक नथ्थूशेठनं केलं होतं. सही माझी. आमच्याकडे नाताळ कोण करतं, हे सही करताना माझ्या मनात आलं होतं.

दाराजवळ खुर्शीदा उभी होती, तिच्याजवळ धुरपता. त्या भागीदार नाहीत म्हणून त्यांना आत घेतलं नाही.

कमळा बोलायला उठली. कागदाशिवाय बोलली. गाडी, पट्टा, जुलैची बोर्डाची बैठक, सगळं. "मीही त्या बोर्डात होते," म्हणाली. "माझं मत विरोधात होतं, पण दुसऱ्या दिवशी गाडी सुटली तेव्हा मी रस्त्यात आडवी झाले नाही. सात माणसांचा दोष माझ्यावरही आहे. तो मी घेते. पण इनायतभाईंवर जो शिंतोडा आहे तो खोटा आहे. कंपनीनं तो आपल्या हातानं पुसावा. एवढा एक ठराव मागते, मग मला निवडा नाहीतर नका निवडू."

मला क्षणभर वाटलं, ती जिंकली. आणि खरं लिहायचं तर, क्षणभर ते बरं वाटलं.

नथ्थूशेठ बसल्या जागेवरून म्हणाले, "ठरावाचं पाहू. आंधी बाईनं हे सांगावं, गॅरेजात अकरा येळा कायले गेल्या? घरी सासरा हाये, लेक हाये. त्या मिस्त्र्यापाशी असं काय होतं?"

कोणीतरी हसलं. मागून एक शिवी आली. कमळा खाली बसली नाही.

मूलचे मास्तर उठले. "अशा गोष्टी सभेत बोलाच्या नाईत. आणि बोलाच्याच असल्या तं बापू बसले आहेत. त्याइच्या घरची सून हाये. बापू, तुमी एक शब्द सांगा. तुमी म्हणान ते आमी मानतो."

सगळा हॉल माझ्याकडे वळला.

कमळानंही पाहिलं. "सांगा, मामाजी," ती म्हणाली. "मी कुठं जात होते, कशासाठी, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. एक वाक्य पुरे होतं. तोंडात तयारही होतं. समोर टेबलावर मास्तरांचा तो साठ सह्यांचा कागद होता आणि माझी नजर त्यावर गेली. मी पाण्याचा पेला उचलला, पाणी प्यालो, पेला खाली ठेवला.

"पुढचा विषय घ्या," मी म्हणालो.

मास्तर खाली बसले. कमळा मात्र तशीच उभी होती, जणू मी आणखी काही बोलेन. मग तिनं पदर सारखा केला आणि दोन्ही बाजूंच्या बाकांमधून चालत दारापर्यंत गेली. कोणी वाट अडवली नाही, कोणी दिलीही नाही. बाहेर खुर्शीदानं तिचा हात धरला.

हात वर करून मत घेतलं. तिच्या बाजूनं चौदा. मी पुन्हा चेअरमन, एकमतानं.

२१ डिसेंबर

कमळा चामोर्शीला माहेरी निघाली. मी सांगितलं, नीला इथंच राहील, पुंडलिकाची एवढी एकच खूण आहे. कमळा भिंतीला टेकली.

रुखमाबाई आतून आली. नीलाला अंगडं घातलेलं, हातात गाठोडं. एक नाही, दोन गाठोडी. दुसरं तिचं स्वतःचं.

"पोर मायजवळ जाईन," ती म्हणाली. "आन् मी पोरीसंग."

"लोक काय म्हणतीन?"

"आता उरलं काय म्हणाचं?"

स्टँडवर मी गेलो नाही. लटारू सांगत होता, कंडक्टरनं त्यांचं तिकीट फाडलं नाही आणि ड्रायव्हरनं पुढच्या बाकावरची माणसं उठवून तिघींना बसवलं. मी त्या दोघांना मेमो देणार होतो. दिला नाही.

१६ जानेवारी १९५५

बोर्डाची बैठक. कमळाच्या जागी नथ्थूशेठचा पुतण्या. दोन ठराव: गाड्यांची देखभाल नथ्थूशेठच्या मेहुण्याच्या वर्कशॉपकडे, आणि यापुढे बोर्डावर स्त्री घेऊ नये. दुसऱ्याला कायद्यानं किंमत नाही, पण नोंद असावी, असं वकीलसाहेब म्हणाले. भाषा मीच दुरुस्त करून दिली. "स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा विचार करून" असं सुरुवातीला घातलं.

स्वयंपाकाला एक बाई ठेवली आहे. तिखट फार घालते.

३० जानेवारी

चामोर्शीला जाऊन आलो. रुखमाबाईला आणायला. ती भेटायला बाहेर आली नाही. कमळानं पाणी दिलं. तिथल्या शाळेत शिकवायला लागली आहे. वाळली आहे. नीला मला पाहून तिच्या पदरामागं गेली.

मी म्हटलं, "झालं ते झालं. घरी चला."

ती म्हणाली, "मामाजी, माझं राहू द्या. माझ्याबद्दल कोणी काही म्हटलं तर मी जिवंत आहे, तोंड देईन. इनायतभाई नाही देऊ शकत. खुर्शीदाला तो अर्ज द्या. पोलीस नाही, कोर्ट नाही. तिच्या हातात द्या. पोरं मोठी झाली की वाचतील."

मी पाहतो म्हणालो.

परतीच्या नावेत मनाशी पक्कं केलं. द्यायचा.

९ फेब्रुवारी

आज तिजोरी उघडली. अर्ज होता. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि चालत मोहल्ल्यात गेलो. टांगा केला नाही. पोरं खेळायची थांबून माझ्याकडे पाहू लागली.

खुर्शीदाच्या दाराला कुलूप. शेजारून खातून नावाची म्हातारी बाहेर आली. तिनं सांगितलं, आठ दिवस झाले, खुर्शीदा आणि तिचा दीर वहाब पोरं घेऊन राजुऱ्याकडे गेले. तिकडे निजामी मुलखात कोणी ओळखत नाही. वहाब तिथल्या चहाच्या हॉटेलात बसतो म्हणे, डाव्या हातानं कप धुतो.

"माहा पोरगा परवा जाऊन राह्यला तिकडं," खातून म्हणाली. "काई सांगाचं असन तं सांगा. काई द्याचं असन तं द्या. बराबर पोचवते."

तिनं हात पुढे केला होता. सुरकुतलेला, मेंदीचा जुना डाग असलेला. माझा हात कोटात गेला. कागद बोटांना लागला.

इतक्या महिन्यांनी तो कागद बाहेर गेला आणि कोणाच्या हाती पडला तर? नथ्थूशेठ आता काय करतील? कंपनीचं काय होईल? हे सगळं मनात आलं. पण खरं कारण ते नव्हतं. तो अर्ज तिनं पोरांना वाचून दाखवला असता, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: "पाहिलं. पोळ्यानंतर. देवाजी."

"काही नाई," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

ती हात तसाच धरून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं तो खाली घेतला आणि विचारलं, "पाणी घेता का, बापू? दुरून चालत आले."

मी घेतलं. उभ्या उभ्या सगळा तांब्या प्यालो.